भाऊजींचा होकार

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कोणाला उद्देशून बोलतच नसत. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात मधोमध उभे राहून "चहा संपला" असं हवेला सांगत आणि खोलीत जात.

ते कॉम्प्युटरचे प्रोग्राम बनवत. मी चौथी शिकलेली, तरी मला समजावत, तेही पोळपाटाकडे पाहून. "मॉडेल म्हणजे माहितीचा साठा. त्यात फरक झाला की ते फक्त 'बदललं' म्हणून पुकारतं. कोण ऐकतं, त्याला ठाऊक नसतं. ज्या कंट्रोलरला, म्हणजे मधल्या कारभाऱ्याला, हवं, त्यानं आधी नाव नोंदवायचं. मग तोच ऐकून पडद्यावर दाखवतो."

"अन् कोणीच नोंदवलं नसेल तर?"

"तर मॉडेलचं काय गेलं?"

हाच नियम त्यांनी घराला लावला. सासूबाईंनी कौतुकानं सगळ्यासाठी नाव दिलं आणि दिवसभर "मोजा हरवला", "मोजा सापडला" ऐकून त्या टेकीला आल्या. "माझं नाव काढ रे बाबा!" आमच्या ह्यांनी फक्त जेवणापुरतं नाव दिलं होतं. भाऊजी गच्चीवरून "शिडी पडली" म्हणून पुकारत राहिले आणि हे खाली पेपर वाचत राहिले. शिडी मी लावली.

मग बडा फुहारा बाजारातल्या कापड दुकानदाराची मुलगी सांगून आली. तिला पाहून आल्यावर भाऊजी अंगणात म्हणाले, "आवडली. माझा होकार आहे." झालं.

पुढे मध्यस्थ मावशी तणतणत आल्या. "काहून हो, ते लोक वाट पाहून राहिले न! उद्या दुसरं स्थळ पक्कं करतील."

भाऊजी भिंतीला म्हणाले, "मी जाहीर केलं. त्यांनी नाव नोंदवलं नाही."

"कुठं नोंदवायचं? नगरपालिकेत? मी नाही आता जात त्या दारी!"

मावशी गेल्या. भाऊजींनी "भूक नाही" असं जाहीर केलं आणि दार लावून घेतलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. हे आणि सासूबाई शहपुऱ्याला गेले होते.

मी परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते. पदर सावरत दुकानात गेले.

"आइए दीदी, बसा. काय दाखवू?" मुलीचे वडील म्हणाले.

ते चादरी, परकराचं कापड, अस्तर काढत गेले. मी मान डोलावत गेले. ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला, तेव्हा कुठे धीर आला.

"भाऊजींचा होकार आहे," मी ढिगाला म्हणाले.

ढिगापलीकडे कापड कापणारी कात्री थांबली. मुलीचा आवाज आला, "बाबा, त्या दुसऱ्या लोकांना 'नाही' कळवून टाका."

लग्नानंतर ती दोघं पुण्याला गेली. त्या ढिगातली एक चादर मला घ्यावीच लागली. भाऊजींच्या रिकाम्या पलंगावर ती मी अजून घालते.