कादंबरीत नसलेली सासू

मी प्रेमकथा वाचते हे शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मराठी शिकवणारी बाई आणि मोबाइलवर असलं वाचते! वाचते, त्यात काय. छोट्या गावात घडणाऱ्या प्रेमाच्या कादंबऱ्या हल्ली ढिगाने येतात आणि मला त्या आवडतात. गोष्ट बहुतेक एकच असते. शहराला कंटाळलेली किंवा नवरा गेलेली एक बाई डोंगरातल्या गावात येते, बेकरी नाहीतर फुलांचं दुकान टाकते, छप्पर गळायला लागतं आणि ते दुरुस्त करायला एक अबोल सुतार येतो. शेवट काय होणार ते पहिल्या पानावरच कळतं.

लोकांना वाटतं, बायका नायकासाठी वाचतात. मी तरी गावासाठी वाचते. त्या गावात पोस्टमनपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्या दोघांचं जमावं म्हणून खटपट करत असतात. ती कोणाची, कुठली, तिचा नवरा कशाने गेला, कोणी विचारत नाही. मी पवनी तालुक्यात, आसगावात राहते. इथे नवी साडी नेसून बसची वाट बघत उभी राहिले तरी संध्याकाळपर्यंत तिचं कारण शोधून झालेलं असतं. पुस्तकातल्यासारखं गाव कुठेच नसतं हे मला माहीत आहे, म्हणून तर वाचायला बरं वाटतं.

माझा नवरा आजाराने गेला त्याला बरीच वर्षं झाली. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. धानाची शेती बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला दिलेली. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळा सहायकांनी मला लग्नाचं सरळ विचारलं. ते मूळचे कारध्याचे, पवनीत खोली करून राहतात, त्यांची बायकोही वारलेली. मी म्हटलं, विचार करते. खरं तर विचार कधीच झाला होता, मला ते आवडत होते. अडत होतं एकाच ठिकाणी. मी हो म्हटलं तर सासूबाईंचं काय? त्यांना दुसरं कोणी नाही. आणि माझ्या मागे गाव त्यांना काय काय ऐकवील?

त्याच सुमारास सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि काही दिवस टीव्ही बंद म्हणून सांगितलं. मालिका बुडतात म्हणून त्यांची नुसती चिडचिड चाललेली. शेवटी मी म्हटलं, मी तुम्हाला वाचून दाखवते. रोज शाळेतून आले की चहा घेऊन आम्ही सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, बसायला लागलो. मी तेव्हा वाचत होते ती कादंबरी नेमकी विधवेचीच होती. मुद्दाम निवडली नव्हती, पण बदललीही नाही.

सासूबाईंना सुतार काही आवडला नाही. एवढंसं छप्पर नीट करायला इतके दिवस लागतात म्हणजे माणूस कामाचा नाही, असं त्यांचं मत पडलं. बेकरीतला सगळा माल रोज संपतो यावरही त्यांचा विश्वास बसेना. मग एकदा मला मधेच थांबवून त्यांनी विचारलं, "तिले सासू नाही का व?"

पुस्तकात सासू नव्हतीच. नवरा मेला एवढं एका ओळीत सांगून झालं होतं. त्याला कोणीतरी जन्म दिला असेल हे लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं. इतकी पुस्तकं वाचली, पण मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, आहे ना, पुढे येते.

मग तिला आणणं भाग पडलं. मी रचलेली ही सासू शेजारच्या गल्लीत राहायची. तिचे गुडघे दुखायचे, जीभ तिखट होती. सुनेच्या बेकरीतल्या पावाला रोज नावं ठेवायची आणि रोज तोच न्यायची. सासूबाईंना ती फार आवडली. सुतार आला की त्या पेंगायच्या आणि ही आली की सावरून बसायच्या. शेवटच्या भागात लग्न झालं. मी माझ्या पदरचं घातलं, की सासू लग्नाला गेली, सगळ्यांच्या पुढे बसली आणि नंतरही सून रोज तिच्याकडे येत राहिली. गावात कोणी काही बोललं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "थे सासू पुस्तकात नाही ना?"

मी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"तिची गोष्ट आली का तुहा अंगठा हालत नाही. बाकीचं वाचताना सरकत राह्यते. मले आता सारं दिसते."

मी ओशाळले. त्यांची टीव्हीची बंदी केव्हाच उठली होती. काळ्या चष्म्याआड त्यांना काही दिसत नाही असं मी धरून चालले होते आणि त्यांनीही मला तसं चालू दिलं होतं. मग मी कारध्याच्या माणसाचं सगळं सांगून टाकलं. त्यांना ते आधीच कळलेलं होतं. आसगावात दुसरं काय होणार! आमच्यासोबत पवनीला चला, असं मी म्हटलं. त्यांनी साफ नकार दिला. आपलं घर आणि घरामागचं तळं सोडून भाड्याच्या खोलीत त्या येणार नव्हत्या. त्यांना एकच विचारायचं होतं.

"थे सून रोज येत जाये म्हनते. तू येशीन का? पुस्तकातलं नको सांगू."

रोज जमणार नाही, मी म्हटलं. शाळा सुटल्यावर एक दिवसाआड येईन. हे बोलताना मला रडू फुटलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि त्या माणसाला मंडईला जेवायला बोलाव, म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडार हे लोकनाट्य होतं, घरोघरी पाहुणे जेवायला येतात. हे पाहुणे नात्यातलेच असतात. नसतील, तर नातं जुळतं आहे असं गाव समजून घेतं. एवढं सगळं ठाऊक असून सासूबाईंनी ताट आत मांडू दिलं नाही. सपरीतच मांडायला लावलं, रस्त्यावरून दिसेल असं.

ते पिशवीभर शिंगाडे घेऊन आले आणि खाली मान घालून जेवायला बसले. शेजारीण आलीच. त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळून तिने विचारलं, "कोनाकडले पाहुने व?"

मी रश्शाचं भांडं धरून तशीच उभी राहिले.

"माह्याकडले," सासूबाई म्हणाल्या. चष्मा त्यांनी त्या दिवशी लावलाच नव्हता, त्या सरळ तिच्याकडे बघत होत्या.

शेजारणीने पाहुण्यांच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "मंग वाढ ना त्याइले. पाहून काय राहिली?"