दहा कड्यांचं माप

आमच्या कारखान्यातल्या साखळीच्या फिटरला सगळे टेपमामा म्हणायचे. खिशात पेन नसेल, पण मापाची टेप असायचीच. बत्तीस वर्षं त्यांनी कन्व्हेयरच्या साखळ्या जोडल्या. नवी साखळी आली की तिच्या दहा कोऱ्या कड्या ते तेलकट कागदात गुंडाळून कपाटात ठेवत. म्हणायचे, "पिना झिजतात, साखळी लांबते. मूळ माप कुणीतरी जपायला नको?"

त्या दुपारी नवी साखळी चढवून झाली होती. भरलेली खोकी ती वर ओढून न्यायची. खाली पॅकिंगच्या टेबलाशी बारा बायका, त्यांत मामांची सून.

"थांबा साहेब," मामा सुपरवायझरला म्हणाले. "चाकाच्या दातांत कड्या नीट बसत नाहीत."

"कडीला कडी लावून बघितली ना? सारखीच आहे."

"एका कडीतला फरक डोळ्याला दिसत नाही. दहा मोजा."

टेप लावली. नवी भरली पाचशे मिलिमीटर, काढलेली पाचशे वीस.

"जुनी लांबणारच! तुम्हीच सांगता की," सुपरवायझर हसला. "मामा, आता टेप नातवाला खेळायला द्या."

मामांनी कपाट उघडलं. जुन्या साखळीच्या जपलेल्या कोऱ्या दहा कड्या भरल्या पाचशे आठ.

खरेदीची मागणी मीच लिहिली होती. आमची साखळी दोन इंची, म्हणजे एका कडीला पन्नास पॉइंट आठ. कॅटलॉगात पन्नासची दिसली. दोन्ही मापं प्रमाणित, दोन्ही बाजारात मिळणारी. पॉइंट आठसाठी कशाला घोळ, म्हणून मी पन्नास लिहिलं. पुरवठादाराने तरी का विचारावं? माझ्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

"एक फेरी फिरवून बघू," म्हणत सुपरवायझरने बटणावर बोट ठेवलं.

मामा सुनेकडे बघत होते. साखळीने दात सोडला तर भरलेलं खोकं थेट खाली.

"चालू करू नका," मी म्हणालो. "माप चुकलंय. मागणी मी चुकीची लिहिली."

लाइन चार दिवस बंद राहिली. बायकांनी खोकी हातांनी चढवली.

"बाबा, तुमच्या टेपपायी आमच्या कमरेचा काटा ढिला झाला," सून कुरकुरली.

"कंबर दुखतेय ना? म्हणजे डोकं शाबूत आहे."

नवी मागणी लिहायला बसलो, तेव्हा मामा खुर्ची ओढून समोर बसले.

"हं," ते म्हणाले, "लिहिलंत ते मोठ्याने वाचा."