कालचा ब्रेड

ब्रेडला कुणी शिळा म्हटलं की कडाबाईंचं डोकं फिरायचं. बेकरीत ब्रेड कापायच्या यंत्रापाशी त्यांनी सव्वीस वर्षं उभ्यानं काढली होती. प्रत्येक ब्रेडची पहिली आणि शेवटची स्लाइस, म्हणजे कडा, बाजूला काढायची. ती कुणाला नको असते. त्या कडा बाई घरी आणत, म्हणून हे नाव पडलं. त्यांच्यावरच मुलगा वाढला, शिकला, पुढे कडा काढून ब्रेड खायला लागला.

बंद पिशवीत दमट होऊन वास मारतो तो शिळा. कापडावर पसरून, वाऱ्याला ठेवून मुद्दाम कडक केला तो वाळवलेला. एवढा फरक ज्याला कळत नाही त्यानं स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, असं त्यांचं मत होतं, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं.

एकदा दारात बसून त्या कटलेटच्या चुऱ्यासाठी कडक तुकडे कुटत होत्या. शेजारीण जाता जाता हसून म्हणाली, "सून शिळं खायला घालते वाटतं?"

सुनेनं ते आतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन आठवडे वाळवलेल्या ब्रेडची पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली.

"आई, ब्रेडच तर होता," मुलगा म्हणाला. "नवा आणू की."

याच्या तोंडून हे ऐकायचं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं घर सुनेचं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आपला म्हणून ब्रेड वाळवायला खिडकीखालचा एवढा एक फळीचा कोपरा होता, तोही विचारल्याशिवाय झाडून टाकला. त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराला हात लावला नाही.

शनिवारी दुपारी सुनेच्या ऑफिसातली माणसं चहाला यायची होती. आमच्याकडचे कटलेट खाऊन बघा, असं सुनेनं तिथं मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलेलं. कटलेट अर्थात सासूचे. सुनेनं ताजा, लुसलुशीत ब्रेड कुस्करून बटाट्यात घातला. त्याचा झाला चिखल. पहिला घाणा तेलात फुटला, दुसरा कढईला चिकटला. करपल्याचा वास बाईंच्या खोलीपर्यंत आला आणि त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

सून दारात आली. हात मनगटापर्यंत बरबटलेले.

"आई, कालचा ब्रेड आत्ता कुठे मिळेल हो?"

"काल मिळत होता," बाई म्हणाल्या.

सून आत आली. मग हळूच म्हणाली, "शेजारणीचं बोलणं लागलं मला. लोक मला नावं ठेवतील असं वाटलं."

"तुला नावं ठेवतील म्हणून माझं फेकलंस? मला एका शब्दानं विचारलंस?"

"नाही विचारलं. चुकले."

बाई उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कोरडा तवा मंद आचेवर ठेवला, उरलेल्या ताज्या स्लाइस त्यावर मांडल्या आणि एकेक उलटत उभ्या राहिल्या. याला अर्धा तास लागणार होता. एवढ्यात बेल वाजली.

"आले वाटतं. उशीर का होतोय म्हणून काय सांगू?"

"सांग, सासूबाई ब्रेड वाळवताहेत," बाई तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आणि दार उघडं ठेवून सांग. शेजारी नीट ऐकू गेलं पाहिजे."