रिकाम्या कपाआडून

लॉर्ना गेल्याचा कॅरलचा मेसेज आला तेव्हा मी शिकागोहून नेपरव्हिलला परतणाऱ्या ट्रेनमध्ये होते. रडू यायच्या आत फोनवर बातम्या शोधल्या, आणि रडू राहिलं बाजूला, तळपायाची आग मस्तकात गेली. जिथे तिथे तोच मथळा... अमक्या महान विनोदी नटाच्या पडद्यावरच्या बायकोचं निधन. पहिल्या ओळीत तो, फोटोत पुढे तो, तिच्याबद्दल गहिवरून बोलणाराही तोच. म्हणजे गेली ती, आणि बातमी याची! या लेखात त्याचं नाव येणार नाही. गेली साठ वर्षं ते छापून येतंय, एक रविवार नाही आलं तर काही बिघडत नाही. लॉर्ना टिबेट्स हे नाव मात्र मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे.

लॉर्ना आमची शेजारीण. हॉलिवूडमधलं घर विकून ती इथे भाचीकडे, म्हणजे कॅरलकडे राहायला आली होती. आम्ही घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात खिडकीतून पाहिलं तर लाल टोपी घातलेली एक म्हातारी आमच्या ड्राइव्हवेवर घसरली, हात गरागरा फिरवले आणि बाजूच्या बर्फाच्या ढिगात धपकन बसली. मी घरातल्या सपाता घालूनच धावले. माझा मुलगा ईशान तिच्यापाशी पोट धरून हसत होता. "आई, शी इज फाइन! शी डिड इट ऑन पर्पज!" ती ढिगातूनच मला म्हणाली, "इथे राहायचं तर पडता आलं पाहिजे. आधी बसायची जागा ठरवायची, मग घसरायचं." तेव्हा तिचं वय ऐंशीच्या पुढे होतं. मी तिला आत आणून आल्याचा चहा पाजला, आणि त्या दिवसापासून रविवारचा चहा आमच्याकडे हे ठरूनच गेलं. येताना ती स्वतःचा कप आणायची, निळ्या काठाचा, कान तुटून पुन्हा चिकटवलेला.

तिची कारकीर्द मला अशी रविवारी रविवारी कळत गेली. सतराव्या वर्षी ती स्टुडिओत शिरली ती नायिकेची बडबडी मैत्रीण म्हणून. "नायिकेच्या वाट्याला नायक, माझ्या वाट्याला तोंडावर केक," असं म्हणायची. मग टीव्ही आला आणि ती त्याची पडद्यावरची बायको झाली. मालिका खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची. विनोदी नटाने हशा चढू द्यायचा असतो, तो उतरू लागला की पुढचं वाक्य टाकायचं. लॉर्नाला हशा मिळाला रे मिळाला की हा मध्येच बोलायचा. त्याचं ऐकायला लोक गप्प व्हायचे आणि तिचा हशा जागच्या जागी मरायचा. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत याला लाफ्टर खाणं म्हणतात. याने वर्षानुवर्षं खाल्ले. शेवटी एका भागात तिने आपलं वाक्य म्हटलं, टेबलावरचा कप उचलून ओठांना लावला आणि काठावरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हा बोलायला तोंड उघडून उभा, आणि लोक हसायचे थांबेनात. तो कप तिची ओळख झाला. पुढच्या वर्षी टेबलावर कपच नाही! साहेबांनी काढायला लावला होता.

मालिका संपल्यावर याला मोठमोठे सिनेमे मिळाले. हिला साबणाच्या जाहिराती, दुसऱ्यांच्या मालिकांतल्या आज्या, कार्टूनमधल्या बदकाचा आवाज. तिने कशालाच नाक मुरडलं नाही. नेपरव्हिलला आल्यावरही कॅरलच्या कोटांच्या कपाटात उभी राहून ती बदकाचे संवाद रेकॉर्ड करायची, कारण लोकरीच्या कोटांत आवाज घुमत नाही. आणि तो? तो प्रत्येक मुलाखतीत सांगत राहिला, "टायमिंग मी शिकवलं तिला. तो कपसुद्धा माझीच आयडिया." मी एकदा चिडून विचारलं, तू बोलत का नाहीस? ती म्हणाली, "मी बोलले की खवट म्हातारी ठरते. त्यापेक्षा मी त्याच्यानंतर मरणार. तो गेला की सगळे माईक घेऊन माझ्याकडे येतील. तेव्हा सांगेन, आणि तेव्हा मध्ये बोलायला तो नसेल." हे ती थट्टेत म्हणत नव्हती. त्यासाठी बेचव ओट्स खायची, थंडीत मॉलमध्ये फेऱ्या मारायची आणि रोज सकाळी पेपरातलं मृत्युलेखांचं पान आधी उघडायची.

एका वर्षी गणपतीत आमच्या मंडळाचं विनोदी नाटक होतं. तालमी आमच्या बेसमेंटमध्ये. लॉर्ना घडीच्या खुर्चीवर येऊन बसायची. मराठीचा एक शब्द तिला कळत नव्हता. माझ्यासमोर काम करणारा संजय, मूळचा नागपूरचा, मनाने चांगला पण स्टेजवर हावरट. तिसऱ्या तालमीला लॉर्नाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला म्हणाली, "तो तुझा लाफ्टर खातोय." संजय उसळला. "अरे यार मंजिरी, मी कुठे काय केलं? मी तर फ्लो मेंटेन करतोय!" लॉर्नाने मला बाजूला घेऊन आपला कप हातात दिला. "भरलेला नको, रिकामाच घे. भरलेला असला की लक्ष चहाकडे जातं. लक्ष त्याच्याकडे हवं. तो तोंड मिटेपर्यंत कप खाली ठेवायचा नाही." प्रयोगाला मी ते केलं. संजय चार वेळा तोंड उघडून उभा राहिला, सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी, आणि पहिल्या रांगेत लॉर्ना अजिबात न हसता फक्त मान हलवत होती. नंतर संजयच तिच्या पाया पडला. तो हरला तेव्हा हसू तरी शकला, एवढा त्याचा मोठेपणा.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आशा सोडली. मी भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, पेपर न उघडलेला. "मी हरले, मंजू," ती म्हणाली. तिला मरणाचं दुःख नव्हतं, तो मागे राहणार याचं होतं. "तो माझ्या शोकसभेला येईल. भाषण करेल. तूच बघ..." मी काहीतरी समजूत काढली, पण तिने तोंड भिंतीकडे वळवलं. अख्खं आयुष्य लोकांना हसवणाऱ्या बाईला शेवटी एवढंही मिळू नये, हे मला आजही सहन होत नाही.

आणि तो आला. व्हीलचेअरवर, मदतनीस घेऊन, मागे दोन कॅमेरे. कॅरलने टेबलावर लॉर्नाच्या वस्तू मांडल्या होत्या, लाल टोपी, बदकाचं चित्र, निळ्या काठाचा कप. सुरुवातीला मालिकेतला तो कपाचा प्रसंगही पडद्यावर दाखवला होता. मग याने माईक घेतला. आवाजात गहिवर आणला, डोळे पुसले आणि म्हणाला, "टायमिंग मीच शिकवलं तिला. आणि तो कप? माझीच आयडिया!" एवढं बोलून तो थांबला. टाळीसाठी. कसलेला नट, कुठे थांबायचं ते त्याला बरोबर ठाऊक.

मी पहिल्या रांगेत होते. उठले, टेबलावरचा कप घेतला, जागेवर येऊन बसले, ओठांना लावला आणि काठावरून त्याच्याकडे पाहिलं. आधी कॅरल फिसकन हसली. मग मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या, मग संजय, मग सगळं सभागृह. याने बोलायला तोंड उघडलं. मी कप खाली ठेवला नाही. त्याने पुन्हा उघडलं, हशा पुन्हा चढला. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि कुणाचा सूड कोण उगवतंय हे त्याला नक्की कळलं, मी ते त्याच्या डोळ्यांत पाहिलं. शेवटी त्याने तोंड मिटलं. मदतनिसाने खुर्ची वळवली. शोकसभेत असं वागणं शोभतं का, असं मंडळातल्या एका काकूंनी मला नंतर विचारलं. नाही शोभत काकू. पण मला अजून पश्चात्ताप झालेला नाही आणि व्हावा असंही वाटत नाही.

कॅरलने कप मलाच दिला. तो आमच्या ओट्यावर खिडकीपाशी असतो, त्यात कुणी चहा ओतत नाही. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये माझीच कल्पना कुणी स्वतःची म्हणून सांगायला लागलं की मी कॅमेरा चालू करते आणि तो उचलते. रविवारी दुपारी मात्र तो नुसता समोर ठेवून बसते. तिच्या खुर्चीवर ऊन येतं, दुसरं कुणी येत नाही... पेपर आला की मी आधी मृत्युलेखांचं पान उघडते. तो अजून आहे. असू दे. मी त्रेचाळीस वर्षांची आहे.