निळीची भिंत

बहात्तरच्या दुष्काळानंतर सोलापुरात चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. हॉलची भिंत मी चुन्यानं रंगवली आणि माझ्या सवयीनं त्यात भरपूर नीळ घातली. त्या भिंतीवर बाहेरगावची एक बाई दिव्याच्या यंत्रातून हलती चित्रं दाखवणार होती. ती काचांवर चित्रं काढायची, एक डोळा मिटून प्रत्येक काच उजेडात धरायची आणि पदरानं पुसायची.

दुपारी तिनं दिवा लावून पाहिला. पिकलेल्या पिवळ्या शेतातून काळा करकोचा चालला होता, पण निळसर भिंतीवर शेत हिरवट दिसलं.

“दादा, नीळ जास्त झालीय. नुसत्या चुन्याचा एक हात द्याल का?”

“न्हाय. माजा हात एकदाच फिरतो. तुमचं चितर बदला की.”

प्रदर्शन संध्याकाळीच उघडणार होतं. ती भिंतीकडं बघून हसली.

“बरं. शेत पुसते. करकोच्याला तुमच्या निळीचं पाणी आहेच.”

संध्याकाळी ती काचेमागून काच सरकवत गेली, तसा करकोचा पाय उचलत माझ्या निळीतून चालला आणि उडून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचं नाव मी विचारलं नाही. नीळ बरोबरच होती, हे मी आजही सांगतो. पण दिवा विझल्यावर माझीच भिंत मला रिकामी वाटली, तशी आधी कधी वाटली नव्हती.