गाडी कोण पुसणार?

पहाटेच्या अर्धवट झोपेत माझ्या कानांवर सर्वांत आधी येतो तो एका ओल्या फडक्याचा आवाज. गुळगुळीत पत्र्यावरून लांबवर घसरत जाणारा, वळणाशी किंचित थबकणारा, बादलीत बुडून पुन्हा वर येणारा. त्याच्या पाठोपाठ खिडकीतून वास येतो, पेट्रोलचा, जुन्या कातड्याचा, आणि रात्रभरातही न निवलेल्या सोलापुरी धुळीवर सांडलेल्या पाण्याचा. कुणी म्हणेल, किती प्रसन्न प्रातःकाळ हा! खरंच, या आवाजासाठी मी एके काळी जिवाचं रान केलं होतं. आता मात्र मी उशी कानांवर ओढून घेतो. कारण फडकं थांबलं की मला उठावं लागतं, काळा कोट चढवावा लागतो, आणि माझ्याच अंगणात, माझ्याच वडिलांचा साहेब होऊन उभं राहावं लागतं.

तुम्हाला हे नीट सांगायला हवं. मी इथल्या दिवाणी कोर्टात वकिली करतो. बांधाचे, वाटणीचे, सामाईक भिंतींचे दावे चालवतो. अशाच एका वाटणीच्या दाव्यात वादाची मालमत्ता पाहायला म्हणून मी रेल्वेच्या बाजूच्या एका जुन्या बंगल्यात गेलो होतो. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गवताच्या पेंढ्यांआड, कोंबड्यांनी जिच्यात संसार थाटला होता अशी एक छोटी, उघडी, दोनच माणसांची गाडी मला दिसली. लढाईच्या आधी विलायतेहून आलेली. लांब नाक, बुटकी काच, तारांची चाकं. हिरवा रंग खपल्या धरून गळत होता. मी पक्षकाराला विसरलो, नकाशा विसरलो, आणि धुळीत गुडघे टेकून तिच्या दाराची मूठ चाचपू लागलो. त्या मुठीवर एक बारीकशी खोच होती. लहानपणी फाटकाबाहेर उभा राहून मी ती चकाकणारी मूठ पाहिली होती, आणि ती खोच माझ्या वडिलांच्या अंगठीनं पडली म्हणून ते दोन दिवस जेवले नव्हते, हे मला आईनं सांगितलं होतं.

माझे वडील, म्हणजे अप्पा, एका कापडगिरणीच्या साहेबांकडे ड्रायव्हर होते. अक्कलकोटच्या पलीकडून, कानडी मुलखातून पोट भरायला आलेला माणूस. साहेबांची मोठी गाडी ते गावभर चालवत. ही छोटी हिरवी मात्र साहेबांच्या हौसेची. ती साहेब स्वतःच चालवायचे. अप्पांनी ती रोज पहाटे पुसायची, इंजिन गरम करायचं, गॅरेजपासून पोर्चपर्यंत पन्नास पावलं आणायची, आणि दार उघडून सलाम ठोकायचा. शेजारची जागा बहुधा रिकामीच असे. पण साहेबांच्या मांडीला मांडी लावून नोकरानं बसायचं नसतं! अकरा वर्षांत अप्पा त्या जागेवर एकदाही बसले नाहीत. अकरा वर्षांत त्यांनी एक सुट्टीही घेतली नाही, आणि याचाच त्यांना केवढा अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, 'एक खाडा न्हाय केला आपन, इचारा कुनालाबी.'

हे वाक्य ऐकलं की माझ्या तोंडाची चव जायची. आठ वर्षांचा असताना मी विषमज्वरानं अंथरुणाला खिळलो होतो. भवानी पेठेतली एक खोली, खिडकीखाली माझी खाट, उशाशी आई. मी दिवसभर अप्पांची वाट पाहायचो. ते यायचे दिवेलागणीला, पेट्रोलचा वास येणारा हात माझ्या कपाळावर ठेवायचे आणि आमच्या घरच्या कानडीत विचारायचे, 'ऊटा आयतेन, मगा?' जेवलास का रे, बाळा? मी भिंतीकडे तोंड फिरवायचो. एक दिवससुद्धा यांना माझ्यासाठी मागता आला नाही, हा सल मी पुढे चाळीस वर्षं जपला. माणूस काय काय जपून ठेवतो!

तरीही, की त्यामुळेच, ती गाडी मी विकत घेतली. हेतू एकच होता. अप्पांना त्या शेजारच्या जागेवर बसवायचं, वरचं छत उघडं टाकायचं, आणि अक्कलकोटच्या रस्त्यानं ज्वारीच्या शिवारांतून त्यांना त्यांच्या गावापर्यंत न्यायचं. घाईही होती. अप्पांना विसर पडू लागला होता. शेजाऱ्यांची नावं, चष्म्याची जागा, आई जाऊन किती वर्षं झाली ते. मला वाटलं, एखादी ओळखीची वस्तू हाताशी लागली तर मन तिला धरून राहील.

हुसेनमिस्त्रींच्या कारखान्यात गाडी बैलगाडीला बांधून आणली तेव्हा मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. 'वकीलसाब, ये गाडी नै, जनाजा है,' म्हणाले. पण अप्पा तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि चमत्कार घडला. काल संध्याकाळी काय जेवलो ते न आठवणाऱ्या माणसाला त्या गाडीचा खिळा न् खिळा आठवत होता! भोंग्याचा सूर कसा, कातड्याची शिवण किती पदरी, कोणता स्क्रू नेहमी अर्धा वळसा सैल ठेवावा लागतो. सात महिने आम्ही बापलेक रोज संध्याकाळी तिथं लाकडी खोक्यांवर बसलो. मिस्त्री उघडायचे, अप्पा सांगायचे, मी कंदील नाहीतर पाना धरायचो. अप्पा कानडीत माझी चेष्टा करायचे, इतका शिकलास पण पाना उलटा धरतोस म्हणायचे. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांच्या इतक्या जवळ मी कधी बसलो नव्हतो. सुख म्हणतात ते हेच असेल, तर ते मला खोक्यावर बसून मिळालं.

रंग द्यायची वेळ आली तेव्हा माझी बायको गिरिजा म्हणाली, 'रंग तरी दुसरा द्या हो. त्यांना ती चाकरी आठवेल.' मी हसलो. वकिलाला बायकोचा युक्तिवाद ऐकायची सवय कुठे असते? मला सगळं जसंच्या तसं हवं होतं. तोच गर्द हिरवा, तीच तांबडी आसनं, दाराच्या मुठीवरची ती खोचसुद्धा मी मिस्त्रींना बुजवू दिली नाही. जीर्णाचा उद्धार करायला निघालेल्या माणसाला हे का सुचू नये, की वस्तूला मागे नेलं तर तिच्या वाटेनं माणूसही मागे जाईल?

गाडी अंगणात आली त्या सकाळी अप्पा ओसरीवर उभे होते. मी काळ्या कोटात, हात स्टिअरिंगवर, त्यांच्याकडे पाहून भोंगा वाजवला. अप्पांचा वाकलेला कणा सरळ झाला. त्यांनी सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण लावलं, झपाझप पायऱ्या उतरून आले, दार उघडलं आणि कपाळाला हात लावून म्हणाले, 'सलाम, साहेब.' आम्ही सगळे हसलो. मीही मोठ्या ऐटीत मान डोलावली. त्यांना शेजारी बसा म्हटलं तर जीभ चावून दोन पावलं मागे सरले.

काही दिवस ती गंमतच वाटली, आणि खोटं कशाला बोलू, गाडीनं मला वेड लावलं होतं. इतकी देखणी वस्तू शोभेला ठेवायची नव्हती. मी ती रोज कोर्टात न्यायचो. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठचा गार वारा कानांवरून वाहायचा, जमिनीपासून वीतभर उंचीवरून सारं गाव नवं दिसायचं, सायकलवाले ओलांडून जाताना वाकून सलाम करायचे. पक्षकार म्हणायचे, 'वकीलसाहेब, गाडी लई झ्याक, पन छत्री आना की.' भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन गिरिजा शेजारी बसायची आणि कोथिंबीर वाऱ्यावर उडायची. उन्हाळ्यात आसनं तव्यासारखी तापत, तरी मी ओला पंचा टाकून बसायचो. त्या दोन मैलांत मी पन्नाशीचा नव्हतोच.

मग एके दिवशी ध्यानात आलं, की अप्पा माझ्याशी कानडीत बोलत नाहीत. घरात गिरिजेशी बोलत, मांजराशीही बोलत. माझ्याशी मात्र फक्त 'जी साहेब', 'गाडी लावली साहेब', तेही मराठीतून, साहेबांशी बोलायच्या त्या जपून बोलायच्या मराठीतून. 'ऊटा आयतेन' हा प्रश्न मला शेवटचा कधी विचारला गेला? आठवेना. माझा बाप माझ्यासमोर रोज उभा होता आणि मी पोरका झालो होतो. कोट न घालता गेलो, पायी गेलो, हात धरून नाव सांगितलं. ते खाली मान घालून ऐकायचे. चार दिवस गाडी मिस्त्रींकडे ठेवून पाहिली, तर अप्पा गल्लीगल्लीतून साहेबांची गाडी हरवली म्हणून रडत फिरले. गाडी परत आणावी लागली.

आणि मग ती सकाळ आली. फडकं थांबलं. मी बाहेर आलो. अप्पांनी दार उघडलं नाही. दोन्ही हातांत फडकं पिळत ते उभे राहिले.

'साहेब, पोरगं तापानं फणफणलंय. मंडळी एकलीच हाय घरात. काल न्हाय म्हनलात, परवा बी न्हाय म्हनलात, गाडी कोन पुसनार म्हनलात. आज तरी सुट्टी द्या की. वाट बगत असंल माझी.'

मागितली होती! या माणसानं सुट्टी मागितली होती, एकदा नव्हे, तीनदा. आणि ती मिळाली नाही याची लाज झाकायला जन्मभर 'खाडा केला न्हाय' म्हणून मिरवलं होतं. आणि मी भिंतीकडे तोंड करून निजलो होतो. मी म्हणालो, 'दिली सुट्टी. बसा, मी सोडतो तुम्हाला.' मी स्वतः पलीकडचं दार उघडलं. ते घुटमळले, पण पोराच्या काळजीनं रीतभात सुटली असावी, आणि अप्पा त्या जागेवर बसले. आसनाच्या कडेवर, तळवे गुडघ्यांवर, नजर रस्त्यावर. ज्या क्षणासाठी मी हे सारं मांडलं तो क्षण असा आला. माझ्या शेजारी बसून माझे वडील माझ्याकडेच निघाले होते, आणि मी तिथं नव्हतो.

भवानी पेठेतली ती खोली आता एका विणकराकडे आहे. गाडी थांबायच्या आत अप्पा उतरले. दारातल्या तेलुगू बाईनं 'कोन पायजे?' विचारलं, तोवर ते आत पोचलेही. खिडकीखाली, माझ्या खाटेच्या जागी, माग होता. त्यावर अर्धी विणलेली चादर ताणलेली होती. अप्पा खूप वेळ त्या चादरीकडे पाहत राहिले. कोपरा उचलून त्यांनी खाली वाकून पाहिलं. मग बाहेर आले आणि अगदी हळू म्हणाले, 'उशीर झाला, साहेब. गेलं पोरगं माझं.'

मी त्यांचे दंड धरले. रस्त्यावर, पेठेतल्या माणसांसमोर, कानडीत ओरडलो, 'अप्पा, ना इल्ले अदीनि!' मी इथंच आहे, अप्पा! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती, करुणा होती. 'तुमी कशापायी रडता, साहेब? तुमचा काय दोष न्हाय.' इतकी वर्षं ज्याला मी शाप दिले त्या साहेबाला त्यांनी अशी क्षमा केली, आणि ती मला स्वीकारावी लागली.

परत येताना ते गाडीत बसले नाहीत. पुढे अप्पा चालत होते, मागे मी पहिल्या गिअरमध्ये, पावला-पावलानं. इंजिन तापून वाफ निघाली. घरी येऊन अप्पा भिंतीकडे तोंड करून निजले. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. तिसऱ्या पहाटे मी जागाच होतो, आणि अंगणातून आवाज आला. ओल्या फडक्याचा. ते विसरले होते. आपलं मूल गेलं हे ते विसरले, याचा मला केवढा आनंद झाला!

पण विसर काय, तो दुःखाबरोबर त्या दुःखाची बातमीही पुसतो. आठवडाभरानं अप्पा पुन्हा फडकं पिळत उभे राहिले. पोरगं तापलंय, साहेब. आज तरी सुट्टी द्या. त्यानंतर हे अधूनमधून होतच असतं. तुम्ही काय केलं असतं? पुन्हा त्या मागापाशी नेलं असतं त्यांना?

आजही फडकं थांबलं. मी कोट घालून पायरीवर आलो. अप्पांनी मागितलं. ज्या साहेबाचं तोंड मी कधी धड पाहिलं नाही त्याचे शब्द मी उसने घेतले आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणालो, 'आज नको. गाडी कोण पुसणार?'

'जी साहेब,' अप्पा म्हणाले, आणि बादलीकडे वळले. पत्र्यावरून फडकं पुन्हा फिरू लागलं, लांबवर, वळणाशी थबकत. भवानी पेठेतल्या एका खोलीत खिडकीखाली एक मुलगा अजून तापलेला आहे. तो रागावलेला आहे, पण आहे. संध्याकाळी त्याचे अप्पा त्याच्याकडे जाणार आहेत.