कुकाऱ्याला ओ

आमच्याकडे आढीचं दार उघडं दिसलं की जाता-येता कोणीही कडी घालतो. त्यात विचार करायचा नसतो, हात आपोआप जातो. माकडं आत शिरली की एका दुपारीत सगळ्या मोसमाची माती करतात, म्हणून. मी या घरात सून होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चुलीच्या आधी मला ती कडी दाखवली होती. तेव्हा त्या दिवशी यांनी कडी घातली, यात यांचं काही चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही.

मी आत होते, एवढंच.

आढी म्हणजे आंबे पिकत घालायची खोली. खाली गवत, त्यावर आंबे, वर परत गवत. ऊब टिकावी म्हणून खिडकी नसते, आमच्या खोलीच्या दाराच्या फटीसुद्धा गोणपाटानं बुजवलेल्या. मी मागच्या कोपऱ्यात क्रेटांच्या आड बसून डागी आंबे वेचून काढत होते. हे दारावरून गेले, कडी घातली आणि आंबे उतरवायचा झेला खांद्यावर टाकून खाली बागेत उतरले. घरात दुसरं कोणी नव्हतं. जाऊबाई लग्नाला मालगुंडला गेलेल्या.

खरं सांगायचं तर आधी मला हसूच आलं. म्हटलं, बघा आता, मलाच माकड केलं. दार वाजवलं, "अहो, ऐकलंत का" म्हणून ओरडले. पण चिऱ्याच्या भिंती हातभर जाड, आणि बाग पार खाडीच्या बाजूला उतरलेली. शब्द तिथवर पोचत नाहीत. मग मी कुकारा घातला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बागेत झाडीमुळे माणसाला माणूस दिसत नाही. मग तोंडाशी हात धरून लांबलचक "कूऽऽ" करायचं. ज्याला ऐकू येईल त्यानं उलट कू द्यायची. कुकाऱ्याला ओ द्यायचीच, न देणं म्हणजे उर्मटपणा. त्याचा अर्थ एवढाच, की मी इथे आहे, तू तिथे आहेस, बरं चाललंय. संकटाची कू वेगळी असते असं आमच्यात काही नाही.

माझी कू कौलांच्या फटीतून बाहेर गेली आणि खालून यांची कू आली.

अगदी खुशीत आली. त्या वर्षी आंबा चांगला धरला होता. मी परत घातली, परत आली. जरा जोरात घातली, यांनीही जोरात दिली, वर एक गिरकी घेऊन दिली. मी किंचाळत होते हो! गवताची ऊब, तो गोड वास, अंगाला चिकटलेलं पातळ, श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटेना, आणि बाहेरून माझा नवरा मला मजेत ओ देतोय. मग एकदा मी कू घातली आणि काहीच आलं नाही. हे टेम्पोबरोबर पेट्या घेऊन मिरजोळ्याला गेले होते, ते मला नंतर कळलं.

दिवेलागणीला चहा मिळेना म्हणून शोधाशोध झाली. यांनी कडी काढली. मी केसात गवत, तोंड लालबुंद, अशी उभी. हे म्हणाले, "अगो, तू आत काय करतेस?"

त्यावर लग्नाहून परतून मागे उभ्या असलेल्या जाऊबाई जे हसल्या, ते सबंध वाडी हसायला लागली.

मीही हसले. नुसती हसले नाही, पुढे सहा महिने मीच तो किस्सा सांगत होते. हळदीकुंकवाला, बारशाला, कुठेही. मी कू करायची, हे कू करायचे, बायका डोळे पुसायच्या. "आंबा पिकायला ठेवतात तशी बायको पिकायला ठेवलीत होय?" असं कोणीतरी म्हणायचंच. हेही रंगवून सांगायचे, "मला वाटलं आज स्वारी खुशीत आहे!" किस्सा इतका छान बसला की त्यात खोटं कुठे आहे हे दाखवायची सोयच राहिली नाही.

पण न्हाणीचं दार मला लावता येईना. मी पडदा सोडून अंघोळ करायला लागले. एसटीत खिडकी मिळाली नाही तर उतरून पुढच्या गाडीची वाट बघायची. आणि वास! रत्नागिरीत राहून पिकल्या हापूसच्या वासापासून माणूस पळणार कुठे? मोसमात इथे रिक्षात तो वास, बँकेत तो वास, देवळाच्या सभामंडपात तो वास. कोणी प्रेमानं आंब्यांचा वानवळा घेऊन आलं की मी मागच्या दारानं अंगणात जाऊन उभी राहायची. छातीत धडधड, हाताला मुंग्या. जाऊबाई म्हणायच्या, "अंगात येतं की काय गो तुझ्या? देवाला गाऱ्हाणं घालायला सांगू?" गाऱ्हाणंही घालून झालं, नारळही देऊन झाला. देवाची तक्रार नाही माझी. पण धडधड गेली नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. हे बागेतून कू घालायचे, तर मी ओ देत नव्हते.

हे सगळं मी असंच ओढत नेलं असतं, पण डोळा आडवा आला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. उजव्यातही यायला लागलेला. तांदळातला खडा दिसेना, माशातला काटा हातानं चाचपून काढायची वेळ आली. एकदा विळीवर बोट गेलं. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे आजी, घरी जाऊन जेवाल. तिथं टेबलावर निजवलं, डोळ्यात थेंब घातले आणि तोंडावर हिरवं कापड टाकलं, फक्त डोळ्यापुरतं भोक असलेलं.

मी ते ओढून फेकलं. नर्सला ढकललं म्हणे. मला काही आठवत नाही, आठवतं ते थेट बाहेरच्या बाकड्यावर बसलेली मी, आणि शेजारी हे माझ्या चपला हातात धरून.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. "आजी, तुम्ही हललात आणि माझ्या हातात हत्यार असलं तर डोळा जाईल. पूर्ण झोपवून करायचं तर तुमचं हृदय मला तेवढं धडधाकट वाटत नाही. आणि फार थांबलात तर मोतीबिंदू आतच घट्ट होऊन बसेल. आधी ही भीती कोणाला तरी दाखवा." त्यांनीच मला समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

परत येताना हे रिक्षात म्हणाले, "आढीत अडकलीस म्हणून वेड्यांच्या डॉक्टरकडे?" रागानं नाही, घाबरून म्हणाले. मी म्हटलं, "मग आंधळी होऊन बसू?"

ती बाई म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोर. मी गेले आणि लगेच किस्सा सुरू केला. कू करून दाखवली, हातवारे केले. ती हसली नाही. मला जरा रागच आला, एवढा चांगला सांगितला आणि बाई दगडासारखी. ती म्हणाली, "काकू, हे छान सांगता तुम्ही. आता हेच न हसता सांगाल?"

मी तोंड उघडलं आणि मला पुढचा शब्द येईना. इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट, पण हसू काढून घेतल्यावर हाती काही उरलंच नाही. रडले. तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग म्हणाली, "दार उघडलं हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या अंगाला अजून कोणी सांगितलेलं नाही. ते अजून आतच आहे." असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी ते मनात घोळवत होते.

मग शिकवणी सुरू झाली. तळपाय जमिनीला टेकवून जमीन आहे हे बघायचं. आजूबाजूला काय दिसतं, काय ऐकू येतं ते मनात एकेक म्हणायचं. श्वास हळू सोडायचा. श्वासाचं मला जमलं नाही, श्वासाकडे लक्ष दिलं की उलट कोंडल्यासारखं व्हायचं. तसं तिला सांगितलं तर म्हणाली, नाही ना जमत, सोडून द्या, दुसरं बघू. मला वाटलं होतं ओरडेल. तिनं विचारलं, तोंडात धरल्याबरोबर अंग दचकून जागं होईल असं काय आहे तुमच्या घरात? म्हटलं, आमसूल. त्या दिवसापासून पदराच्या गाठीला आमसूल. वास आला, धडधड सुरू झाली की गालात धरायचं. आंबट कळ कानापर्यंत गेली की मी या जागी, या वेळी परत यायची. सगळी नाही, पण बरीचशी.

पुढची पायरी कापडाची. घरी पडवीत निजायचं आणि तोंडावर पंचा घ्यायचा. आधी हनुवटीपर्यंत, मग ओठांपर्यंत. कधीही काढायची मुभा. ओठांच्या वर पंचा काही जाईना. महिना गेला, तिथेच अडले. बाईंनी विचारलं, "पंचा नाकावर आला की नक्की काय होईल असं वाटतं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हाक मारीन आणि हे ओ देतील."

ती म्हणाली, "त्यांना पुढच्या वेळी आणाल?"

आणायचं जिवावर आलं होतं. कारण त्या दिवसाची एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नव्हती. यांची समजूत अशी, की माझे कुकारे थांबले म्हणून ते निर्धास्त मनानं टेम्पोबरोबर गेले. अगदी शेवटची कू सोडली, तर कुकारे आपोआप थांबले नव्हते, मी ते थांबवले होते. माझा आवाज गेला नव्हता. मला त्यांची ती खुशीतली ओ ऐकवेना. कोणीच नाही हे परवडलं असतं, पण माझं माणूस तिथे आहे, ऐकतंय, उत्तर देतंय आणि येत नाही, हे मला सोसलं नाही. म्हणून मी तोंडावर हात धरून गप्प बसले. मग राहवलं नाही म्हणून ती शेवटची घातली, तर तोवर हे गेलेले. हे यांना सांगायचं म्हणजे माझ्याच हातानं यांना आत कोंडायचं. म्हणून तर किस्सा सांगताना मी हसत होते ना सगळ्यांत आधी.

पण सांगितलं. न हसता सांगितलं, यांच्याकडे न बघता. तळपाय जमिनीला टेकवून.

यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तू हल्ली ओ देत नाहीस, ते लक्षात आलं होतं माझ्या. विचारायचं धैर्य झालं नाही." आणि बाईंना म्हणाले, "ती कडी मी त्याच आठवड्यात काढून टाकली होती. हिला सांगितलं नाही."

त्यामुळेच त्या साली माकडांनी आढी दोनदा लुटली होती, आणि मी यांना बोलून बोलून हैराण केलं होतं!

बाईंनी आम्हाला दोघांना मिळून काम दिलं. मी पंचा घेऊन निजायचं, वाटलं तर बारीकशी कू करायची. यांनी ओ द्यायची नाही. यायचं, आणि माझ्या पायावर हात ठेवायचा. ऐकायला किती सोपं! चाळीस-पन्नास वर्षांची सवय, पहिल्या दिवशी मी कू केली आणि स्वयंपाकघरातून यांनी दिली ना ओ, खणखणीत. मी ताडकन उठून बसले. हे जीभ चावून धावत आले, हाताला भिजवलेले पोहे. "चुकलो गो, चुकलो, परत नीज." जाऊबाई दारातून बघून म्हणाल्या, "म्हातारपणी लपाछपी!" पण दुसऱ्या दिवसापासून यांचे पाय वाजायला लागले. कू केली की चपलांचा आवाज, मग पायावर हात. पंचा नाकावर आला, डोळ्यांवर आला. काही दिवस तसे, काही दिवस परत हनुवटीशी. आमरस मी आजही खात नाही.

ऑपरेशन नेमकं वैशाखात ठरलं. डॉक्टरांना आधी सगळं सांगून ठेवलं होतं. पण तोंडात काही ठेवायचं नाही म्हणून दारातच नर्सनं आमसूल काढून घेतलं. आणि आत निजले तर तोच वास. कोणीतरी डॉक्टरांना भेट दिलेली पेटी बाहेरच्या खोलीत, आणि दार उघडलं की घमघमाट. हिरवं कापड आलं. खाली अंधार, ऊब, गोड वास, सगळं जसंच्या तसं. पाय ताठ झाले. हात कापडाकडे निघाला.

मी कू केली. बारीक, पण केली.

डॉक्टर थांबले. कोणीही उत्तर दिलं नाही. मग माझ्या उजव्या पायावर एक हात आला. रबरी हातमोजा घातलेला, थंड, अनोळखी. तो तिथेच राहिला. मी आणखी दोनदा केली, दोन्ही वेळा तो हात दाबला गेला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "कोकिळा आली वाटतं. करा आजी, हलू मात्र नका."

हलले नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येऊन पडवीत बसले आणि पहिल्यांदा आढीचं दार नीट दिसलं. कडी होती तिथे भोकं, त्यांच्याभोवती जुन्या रंगाचा चौकोन. दाराला आता सुतळी बांधतात, आतूनही ओढली तर सुटेल अशी. मी आत जात नाही. उजवा डोळा अजून व्हायचा आहे, तेव्हा परत ते कापड आहेच, आणि ते सोपं जाईल असं मला वाटत नाही.

तेवढ्यात खालून यांची कू आली. मी ओ दिली नाही. मुद्दाम नाही, ओठच उघडले नाहीत. परत एकदा आली. मग शांत झालं.

थोड्या वेळानं घाटीच्या पायऱ्यांवर चपला वाजल्या. हे वर आले, झेला हातातच, घामानं निथळत.

"काय गो, बरं नाही?"

"बरं आहे की."

"मग ओ नाही दिलीस ती?"

मी म्हटलं, "तुम्ही आलात ना."

हे पायरीवर टेकले. माझा पाय तिथेच होता, त्यावर आंब्याच्या चिकानं माखलेला हात ठेवून बसले. मी चिडून म्हटलं, "अहो, धुवा आधी तो हात, पातळ खराब होईल." पण पाय काढून घेतला नाही.